विहिरीच्या पाण्यासाठी एच-टू-एस बाटली: घ्यावी, पण अशी वापरावी

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात स्वतःची विहीर किंवा वाड्यातला आड असलेल्या घराने पाण्यातले जंतू तपासायचं ठरवलं, तर हाताशी येणारी सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे एच-टू-एस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायूवरून जंतू ओळखणारी, बाटली. पाणी भरायचं, उबेला ठेवायचं, काळं पडलं की पाण्यात मैला शिरतोय असं समजायचं. आमचं मत आधीच सांगतो: बाटली घेण्यासारखी आहे आणि विहीर असलेल्या प्रत्येक घरात पाच-सहा तरी असाव्यात. मात्र तिच्यासोबतचं माहितीपत्रक आपल्याकडची हवा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं नसतं. ते जसंच्या तसं पाळलं, तर ऐन पावसाळ्यात, म्हणजे पाणी सगळ्यात वाईट असतं तेव्हाच, बाटली खोटा दिलासा देऊ शकते.

पाणी निवळशंख आहे, गोड आहे, वर्षानुवर्षं हेच पितोय, ही जी खात्री असते तिचा जंतूंशी काही संबंध नाही. गढूळपणा डोळ्यांना दिसतो, जंतू दिसत नाहीत. म्हणून तर बाटली लागते.

ही पद्धत आपल्याच देशातली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी ती १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात मांडली. बाटलीच्या आत कागदाची पट्टी असते, काही बनावटींत पूड असते. त्यात पेप्टोन, सोडियम थायोसल्फेट, फेरिक अमोनियम सायट्रेट असे घटक वाळवलेले असतात. माणसाच्या किंवा जनावरांच्या विष्ठेसोबत येणारे सायट्रोबॅक्टर, साल्मोनेला, प्रोटियस, क्लॉस्ट्रिडियम यांसारखे जंतू पेप्टोनवर वाढतात आणि थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. तो वायू लोहाला मिळाला की आयर्न सल्फाइड बनतं, ते शाईसारखं काळंभोर. मैल्याची खूण मानल्या जाणाऱ्या ज्या ई. कोलाय जंतूचं नाव प्रयोगशाळेच्या अहवालात असतं, तो स्वतः सहसा हा वायू बनवत नाही. मैल्यात हे सगळे एकत्र असतात आणि त्यातल्या सोबत्यांना ही बाटली पकडते. त्यामुळे निकाल ‘मैल्याची दाट शंका’ एवढाच वाचायचा. कोणता जंतू, किती, हे तिला विचारू नये.

विकत घेताना मुदत संपायची तारीख पाहा आणि निदान सहा महिने शिल्लक असलेलीच घ्या. झाकणाचं सील शाबूत हवं. पट्टी कोरडी, एकसारखी पिवळट-तपकिरी दिसली पाहिजे; ओलसर, डाग पडलेली किंवा आधीच काळसर असेल तर परत करा. पश्चिम खानापुरात पावसाळाभर घरात दमट असतं, तेव्हा बाटल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या कपाटात ठेवा. पाणी भरायच्या पातळीची रेघ बाटलीवर कोरलेली किंवा छापलेली असावी. नुसता चिकटवलेला कागद ओल्या हातांनी निघून येतो, मग अंदाजाने भरलेलं पाणी कमी-जास्त होतं. पेटी घेतली तर एका बाटलीचा खर्च दोन आकडी रुपयांतच बसतो. सुटी बाटली महाग पडते आणि कधीपासून दुकानात पडून आहे ते कळत नाही.

आकाराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच बहुतेक जण फसतात. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या १०० मिली पाण्यात ई. कोलाय किंवा तशा प्रकारचे उष्णता सहन करणारे कोलिफॉर्म (ई. कोलाय ज्या गटात मोडतो त्या गटातले) जंतू अजिबात सापडता कामा नयेत. बाजारातली नेहमीची बाटली २० मिलीची असते, म्हणजे मानकाच्या एक पंचमांश पाणीच तपासलं जातं. दूषितपणा थोडा असेल तर तो त्या २० मिलीत नेमका येईलच असं नाही. यावर सोपा उपाय असा की, एकाच वेळी काढलेल्या पाण्यातून पाच बाटल्या भरायच्या. १०० मिली तर पूर्ण होतंच, शिवाय किती बाटल्या काळ्या झाल्या यावरून अंदाजे संख्याही मिळते. प्रयोगशाळेत पाच नळ्यांसाठी वापरतात त्या कोष्टकानुसार पाचपैकी एक काळी झाली तर १०० मिलीत साधारण १.१ जंतू, दोन झाल्या तर २.६, तीन झाल्या तर ४.६, चार झाल्या तर ८ आणि पाचही झाल्या तर ८ पेक्षा जास्त. एकही नाही म्हणजे शून्य असं नव्हे, १.१ पेक्षा कमी. विहिरीची पहिली तपासणी पाच बाटल्यांनीच करावी असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. पुढच्या नेहमीच्या तपासण्यांना दोन चालतील. १०० मिलीची एकच बाटली मिळाली तर तीही चांगली, फक्त त्यात संख्येचा अंदाज येत नाही.

नमुना घेताना जी चूक होते ती नंतर कशानेच दुरुस्त होत नाही. मोटरचं पाणी असेल तर टाकीतून येणाऱ्या नळाचं घेऊ नका. टाकी घाण असेल तर दोष विहिरीवर जातो. मोटरजवळच्या तोटीला लावलेली रबरी नळी, जाळी काढून टाका, तोटीचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, धातूची असेल तर लायटरच्या ज्योतीने शेकवा आणि दोन-तीन मिनिटं पाणी वाहू देऊन मग बाटली धरा. रहाटाच्या विहिरीत रोजचा पोहरा वापरला तर तपासणी पोहऱ्याची आणि दोराचीच होते. स्टीलचं लहान भांडं किंवा रुंद तोंडाची काचेची बाटली प्रेशर कुकरमध्ये शिट्टी लावून १५ मिनिटं वाफवा, झाकलेलीच गार होऊ द्या. स्वच्छ नव्या दोरीला हे भांडं आणि त्यासोबत वजन बांधा आणि भिंतीला न घासता पाण्याच्या वरच्या थरापासून फूटभर खाली बुडवा. वरच्या पापुद्र्यातला पालापाचोळा नको आणि तळाचा गाळही नको. एच-टू-एस बाटलीचं झाकण उघडल्यावर ते खाली ठेवायचं नाही, आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, तोंडावर बोलायचं नाही. रेघेपर्यंत भरून झाकण लगेच घट्ट करा, हलकेच हलवा आणि बाटलीवर तारीख, वेळ, विहिरीचं नाव लिहा.

सोबत दोन जास्तीच्या बाटल्या लावाव्यात. एकीत उकळून झाकून गार केलेलं पाणी: ती काळी झाली तर हाताळणीत किंवा मालातच खोट आहे. दुसरीत तसंच उकळलेलं पाणी आणि त्यात गटाराच्या पाण्याचे दोन-चार थेंब, हातमोजे घालून: ती काळी झालीच पाहिजे. ही दुसरी बाटली फार मोलाची आहे. ती काळी झाली नाही तर पट्टी मेलेली आहे किंवा ऊब कमी पडलीय, आणि मग विहिरीच्या बाटल्या स्वच्छ दिसल्या तरी त्यावर विसंबता येत नाही.

आता उबेविषयी, ज्यासाठी मुळात हे परीक्षण लिहिलं. बाटली ३० ते ३७ अंशांत ठेवली तर खराब पाणी बहुधा २४ तासांत काळं पडतं आणि ४८ तासांनी शेवटचा निकाल वाचायचा. माहितीपत्रकात ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ असं छापलेलं असतं. मार्च ते मे महिन्यांत अथणी-रायबागकडे ते चालून जातं. बेळगाव मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. जुलै-ऑगस्टच्या झडीत घरातला पारा २२ ते २५ च्या आसपास रेंगाळतो, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १५ च्या आसपास उतरतो. जांबोटी-कणकुंबीकडे गारठा आणखी जाणवतो. एवढ्या थंडीत जंतू मरत नाहीत, पण वाढतात फार सावकाश. २४ तासांनी बाटली पिवळीच दिसते, घरचे म्हणतात पाणी चांगलं आहे, आणि तीच बाटली न टाकता ठेवली असती तर तिसऱ्या दिवशी काळी दिसली असती.

यासाठी थर्मोकोलचा डबा पुरेसा आहे. त्यात ४०-४२ अंशांच्या पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, मधे एच-टू-एस बाटल्या उभ्या करायच्या, सकाळ-दुपार-संध्याकाळ आणि निजताना पाणी बदलायचं. आत साधा खोलीचा थर्मामीटर ठेवला की अंदाजाचं काम राहत नाही. डब्यात दिवा लावायचा असेल तर जुना १५ वॅटचा तारेचा दिवा हवा. एलईडीने पुरेशी ऊब येत नाही. चुलीच्या वैलाजवळ किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर बाटल्या ठेवण्याची पद्धत आम्हाला पटत नाही, कारण ४५ अंशांच्या वर गेलं की उलट जंतूच दबतात. थंडीत ज्या जागी दही नीट लागतं, ती जागा या कामाला चांगली. काहीच सोय नसेल तर पावसाळ्यात आणि थंडीत ७२ तास वाट पाहा. त्याच्याही पुढे पडलेला काळेपणा निकाल म्हणून न धरता नवा नमुना लावा.

वाचताना उजेडात, पांढऱ्या कागदासमोर धरा. सुरुवात बहुधा तळाशी किंवा पट्टीच्या कडेला होते: आधी राखाडी छटा, मग काळे ठिपके, मग सगळी बाटली काळी. नुसती पट्टी काळी आणि पाणी पिवळं असेल तरी तो निकाल दूषितच. झाकण उघडून वास घेऊ नका. जांभ्याच्या भागातल्या विहिरींचं पाणी कधी कधी तांबूस असतं, त्याने बाटली लालसर-तपकिरी दिसते. ते लोह आहे, काळं नाही, घाबरू नका. पाणी भरल्यावर तासाभरातच बाटली काळी झाली तर जंतूंना वाढायला वेळच मिळालेला नसतो. अशा पाण्यात सल्फाइड आधीपासूनच विरघळलेलं असतं, बहुधा सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या खोल बोअरमध्ये. तिथे ही बाटली निरुपयोगी आहे, सरळ प्रयोगशाळा गाठा. वर्षानुवर्षं गाळ न काढलेल्या विहिरीतही मैल्याशी संबंध नसलेले, सल्फेटवर जगणारे जंतू बाटली काळी करू शकतात. पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडायची पद्धत काही घरांत आहे. कासवाच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, तेव्हा त्या विहिरीची काळी बाटलीही हलक्यात घेऊ नये. कासवच बाहेर काढावं हे बरं.

बाटली काळी झाली की आधी पिण्याचं पाणी उकळायला लागा. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे, पुढे झाकून गार करायचं. मग विहिरीभोवती एक फेरी मारा. कठडा जमिनीपासून हातभर तरी वर आहे का, भोवतीच्या चौथऱ्याला भेगा आहेत का, धुण्याचं पाणी परत आत झिरपतंय का, आतल्या बांधकामाच्या वरच्या दहा फुटांत ओल किंवा पारव्यांची घरटी आहेत का. गोठा, शेणखताचा खड्डा, शोषखड्डा किती दूर आहे. विहिरीपासून संडासाचा खड्डा ५० फूट लांब असावा असं सांगतात, पण हा आकडा बारीक, घट्ट मातीत बऱ्यापैकी आधार देतो. जांभा सच्छिद्र असतो, पूर्वेकडच्या काळ्या पाषाणात भेगा असतात, आणि भेगेतून पाणी माती गाळते तसं गाळलं जात नाही. उताराच्या वरच्या अंगाला खड्डा असेल तर ५० फुटांवर निश्चिंत राहू नका. भाताच्या खाचराच्या मधोमध असलेल्या विहिरीचा कठडा बुटका असेल, तर चिखलणीच्या दिवसांत शेणखताचं पाणी थेट आत जातं. तिथे कठडा वाढवल्याशिवाय कोणतंही औषध टिकत नाही.

ब्लिचिंग पावडरचा हिशोब बहुतेक ठिकाणी ‘एक मूठ टाका’ यावर चालतो, तो सोडून द्या. गोल विहिरीचा व्यास फुटांत मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा आणि पुन्हा २२ ने गुणा. आलेलं उत्तर म्हणजे साधारण लिटर. १० फूट व्यासाच्या विहिरीत १२ फूट पाणी असेल तर २६,४०० लिटर. दर हजार लिटरला चांगल्या प्रतीची २.५ ग्रॅम पावडर, म्हणजे इथे सुमारे ६६ ग्रॅम. ही मात्रा स्वच्छ पाण्याची. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्च होतो. उघड्या पोत्यातली पावडर महिन्याभरात बरीच उतरते, झोंबरा वास येत नसेल तर ती घेऊच नका. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करा, पाऊण बादली पाणी घाला, ढवळा, पाच-दहा मिनिटं निवळू द्या. तळाचा चुना विहिरीत जाऊ देऊ नका, वरचं पाणीच दुसऱ्या बादलीत घेऊन दोराने खाली सोडा आणि बादली वर-खाली करून पाणी घुसळा. तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलाय ते रंगावरून पाहा. क्लोरोस्कोपवर, म्हणजे रंग जुळवून पाहायच्या साधनावर, उरलेला क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम दिसला पाहिजे. नसेल तर मात्रा वाढवा. हे सगळं वरूनच करायचं. क्लोरीन घातलेल्या विहिरीत कोणीही उतरता कामा नये.

त्याच दिवशी पुन्हा बाटली लावून ‘पाणी सुधारलं’ म्हणणं चुकीचं. क्लोरीनने तेव्हा पाण्यातले जंतू मारलेलेच असतात, बाटली फक्त तेवढंच सांगेल. क्लोरीनचा वास पूर्ण गेल्यावर आणि ओटी चाचणीत रंग येईनासा झाल्यावर, चार-पाच दिवसांनी एकदा आणि पुढे दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा लावा. पहिल्यांदा स्वच्छ आणि नंतर काळी आली तर घाण बाहेरून सतत येतेय, आणि तुमचं काम पावडरीचं नसून गवंड्याचं आहे.

वर्षातून एकदाच बाटली लावायची असेल तर ती मिरगाचा पाऊस पडून आठवडाभराने लावा. उन्हाळाभर जमिनीवर साठलेली घाण पहिल्या जोरदार पावसात खाली उतरते. दोनदा जमत असेल तर दुसरी तरण्या-म्हाताऱ्या पावसाच्या सुमारास, विहिरी तुडुंब असतात तेव्हा. भूजल वर आलं की खड्ड्याचा तळ आणि पाणी यांतलं अंतर उरत नाही. घरचा गणपती विहिरीत सोडत असाल तर विसर्जनानंतर पंधरा दिवसांनी एक. मार्चमधली स्वच्छ बाटली जुलैच्या पाण्याविषयी काही सांगत नाही.

प्रयोगशाळेची बरोबरी ही बाटली करू शकत नाही. कोलिफॉर्म आणि ई. कोलाय वेगळे दाखवणाऱ्या बाटल्याही मिळतात. त्यात पाणी पिवळं झालं तर कोलिफॉर्म आणि अतिनील दिव्याखाली निळसर चमकलं तर ई. कोलाय. त्या जास्त नेमक्या, पण महाग, आणि ३५ अंशांची स्थिर ऊब मागतात. एका घरासाठी आम्ही त्या सुचवणार नाही, दहा-बारा विहिरींच्या गल्लीने मिळून घेतल्या तर परवडतील. घरात लहान बाळ, गरोदर बाई किंवा जुलाब-काविळीचा रुग्ण असेल तर बाटलीवर न थांबता प्रयोगशाळेत जा. निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच आणायची, मिनरल वॉटरची रिकामी बाटली चालत नाही. नमुना बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत पोहोचवायचा, म्हणजे कणकुंबीहून निघताना पहाटेच भरायचा. जलजीवन मिशनखाली गावोगावी महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण दिलेलं आहे. ग्रामपंचायतीत विचारलं तर कधी कधी बाटली तिथेच मिळते आणि वाचणारी जाणती बाईही.

निपाणी, चिकोडी, रायबागच्या ऊसपट्ट्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. खताचा नायट्रेट या बाटलीत दिसत नाही, उकळून जात नाही, ब्लिचिंगनेही जात नाही. मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना तो सगळ्यात घातक. त्याची तपासणी वेगळी करून घ्या.

काळ्या झालेल्या बाटलीत जंतू लाखोपटींनी वाढलेले असतात. स्वयंपाकघरात, फ्रिजमध्ये किंवा मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. उघड्यावर, हातमोजे घालून झाकण काढा, ब्लिचिंग पावडरचं दाट पाणी काठोकाठ भरा, अर्धा तास ठेवा आणि संडासात ओता. बाटली धुऊन लोणच्या-मसाल्याला वापरायची नाही. फोडून किंवा चेपून कचऱ्यात द्या.